बेस गिटार कशी वाजवायची : खान्देशातल्या वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नातला ऑर्केस्ट्रा, हळदीचा कार्यक्रम, गणपतीचा मंडप आणि आता घरच्या घरी रेकॉर्ड होणारी अहिराणी गाणी, या सगळ्यांत बेस हवाच असतो. तो हातात धरून वाजवणारे मात्र जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात अजून थोडेच आहेत. नव्याने शिकणाऱ्यांना अडतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं उजव्या हाताने तार छेडणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.

बेस म्हणजे साध्या गिटारच्याच जाड तारा ना?

सूर तेच, पण एक सप्तक खाली. चार तारा : सर्वांत जाड चौथी ई, तिसरी ए, दुसरी डी, पहिली जी. मोकळी ई साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, ए ५५ वर. काम मात्र वेगळं आहे. गिटार गाणं भरते, बेस गाण्याला खाली टेकू देतो आणि ठेका सुराला बांधतो. म्हणून गिटारवरची सफाई इथे अर्धीच उपयोगी पडते. बेसवर सूर कधी सुरू झाला याइतकंच तो कधी थांबला हे महत्त्वाचं असतं. पुढची बरीच उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस देतोच. मग बेस गिटारला जागा कुठे?

जागा आहे, पण ती आधी बोलून घ्यावी लागते. दोघांनी एकाच सप्तकात बेस धरला आणि तुमची तार किंचित जरी उतरलेली असली, तरी खालचे दोन सूर एकमेकांना खातात आणि आवाज हेलकावे घेत गढूळ होतो. तालमीतच ठरवा : कीबोर्डवाल्याने डावा हात मधल्या सप्तकात न्यायचा, खालचा मजला तुमचा. ऑटो-रिदम वापरत असतील तर त्या स्टाइलमधला बेसचा भाग वेगळा बंद करता येतो. बहुतेक अरेंजर कीबोर्डवर ती सोय असते.

कीबोर्डच्या बेसला जे सहज जमत नाही ते तुम्ही द्यायचं : बोटाच्या जोराने लहान-मोठा होणारा सूर, सरकत जाणारी मींड आणि ढोलकीला चिकटून थांबणारा ठोका.

चार तारांचा घ्यावा की पाच तारांचा?

शिकायला चारच. पाचवी बी तार (सुमारे ३१ हर्ट्झ) लहान स्पीकरवर धड ऐकूही येत नाही, आणि ती गप्प ठेवणं हे नवशिक्याला आणखी एक काम होऊन बसतं. तारेची लांबी ३४ इंच असते. हात लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल घ्या, त्यात कमीपणा नाही. तारांचा संच ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा, म्हणजे दुकानात ज्याला '४५-१०५' म्हणतात तो घ्यावा. एक जास्तीचा संच बॅगेत असू द्या. तालुक्याच्या गावी गिटारच्या तारा मिळतात, बेसच्या मिळतीलच असं नाही.

बोटांनी वाजवायची नेमकी पद्धत कोणती?

ही पद्धत आधी पक्की करा, बाकी सगळं नंतर.

अंगठा पिकअपच्या (तारांखाली बसवलेल्या, आवाज टिपणाऱ्या पट्टीच्या) कडेवर टेकवा. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालवा : तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं. बोटाने तार वर ओढायची नाही. तिच्यातून आरपार जाऊन बोट शेजारच्या जाड तारेवर येऊन थांबलं पाहिजे. ए तार वाजवली की बोट ई तारेवर टेकलेलं दिसावं. तार वर ओढली की ती फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आपटते, करकरते आणि सूर पातळ होतो. नवशिक्यांचा आवाज 'तण् तण्' येतो तो बहुतेकदा याच कारणाने.

पातळ तारेवरून जाड तारेवर उतरताना बोट बदलू नका. जी तारेतून गेलेलं बोट डी वर टेकलेलंच आहे, तेच पुढे खेचा. याला रेक म्हणतात. जाड तारेवरून पातळ तारेवर चढताना मात्र आळीपाळी ठेवा.

सरावासाठी मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा आणि मोकळ्या ए तारेवर एका ठोक्यात दोन सूर, दोन मिनिटं सलग. मोबाइलवर रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐका. कोणता सूर तर्जनीचा आणि कोणता मधल्या बोटाचा हे ओळखू येत असेल तर बोटं समान झालेली नाहीत. मधलं बोट लांब असल्याने ते तारेत जास्त खोल शिरतं आणि जड वाजतं. ते सांध्यात थोडं अधिक वाकवा. दोन्ही बोटं एकसारखी ऐकू येईपर्यंत वेग वाढवू नका.

बोट कुठे पडतं यावरही आवाज ठरतो. ब्रिजजवळ (तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात तिथे) तार ताठ असते, वरचे उपस्वर जास्त निघतात, आवाज घट्ट आणि नेमका येतो. नेकजवळ (लांब दांड्याच्या बाजूला) तोच सूर गोल आणि फुगीर होतो. संथ भावगीताला नेकची बाजू, उडत्या गाण्याला ब्रिजची. टोनचं बटण फिरवण्याआधी हात सरकवून बघा.

आळीपाळी हा नियम आहे, कायदा नव्हे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन नुसत्या तर्जनीने वाजवत आणि त्यांच्या लयीतला झोका आजही अभ्यासला जातो. पण एका बोटावर एवढा ताबा यायला हात आधी तयार लागतो.

डाव्या हाताची बोटं पुरत नाहीत, ताणून दुखतात. काय चुकतं?

बहुधा गिटारची 'एक बोट एक फ्रेट' पद्धत तुम्ही पहिल्या फ्रेटपासून लावताय. ३४ इंची बेसवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटच्या तारेमधलं अंतर जवळपास १३ सेंटीमीटर भरतं. पाचव्या ते आठव्यामधलं सुमारे १० च. म्हणून पहिल्या चार-पाच फ्रेटमध्ये तीन फ्रेटना चार बोटं वापरा : तर्जनी, मधलं, आणि तिसऱ्या फ्रेटवर करंगळी, तिच्या आधाराला अनामिका. कॉन्ट्राबेस वाजवणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. पाचव्या फ्रेटच्या पुढे 'एक बोट एक फ्रेट' खुशाल चालवा.

बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, तिच्या अगदी मागे ठेवा. दोन पट्ट्यांच्या मध्ये दाबलं तर जास्त जोर लागतो. अंगठा नेकच्या मागे, मधल्या बोटासमोर असू द्या, मुठीसारखा वर आणू नका. मनगट दुखलं की थांबायचं. बोटांच्या टोकांची आग होणं वेगळं, ती काही दिवसांत निवते. मुंग्या येणं टिकून राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

सूर बरोबर लागतात, तरी आवाज गढूळ येतो. का?

कारण जी तार तुम्ही वाजवत नाही तीही वाजतेय. ई तारेवर पाचव्या फ्रेटचा सूर छेडा आणि लगेच दाबून टाका. मोकळी ए तार स्वतःच गुणगुणताना ऐकू येईल, कारण दोघींचा सूर एकच आहे. अशा तीन तारा मागे गुणगुणत राहिल्या की स्टेजवर नुसता घों घों उरतो.

उपाय दोन्ही हातांनी मिळून करायचा. जाड तारा उजव्या हाताकडे : पहिल्या दोन तारांवर वाजवताना अंगठा पिकअपवर न ठेवता ई-ए वर आडवा सरकवा. पातळ तारा डाव्या हाताकडे : तर्जनीचं पेर थोडं आडवं ठेवलं की ते खालच्या तारांना नुसतं टेकून त्यांना गप्प ठेवतं.

सूर थांबवताना बोट तारेवरून उचलायचं नाही. दाब सोडायचा, स्पर्श ठेवायचा. उचललं तर मोकळी तार बोलते. इथे एक बारीक अडचण येते : पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर एकच बोट टेकलेलं राहिलं तर तार गप्प होण्याऐवजी हार्मोनिकचा शिट्टीसारखा सूर देते. म्हणून थांबवताना निदान दोन बोटं टेकवा.

पडताळा असा : चार सूर वाजवा, पाचव्या ठोक्यावर पूर्ण शांतता ठेवा, आणि त्या शांततेत अँपमधून काय येतंय ते ऐका. हा सराव कंटाळवाणा आहे आणि याच्याइतका फायदा दुसऱ्या कशानेही होत नाही.

पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवलेलं चालतं का?

चालतं. कॅरल के यांनी अमेरिकेतल्या असंख्य रेकॉर्डिंगमध्ये पिकनेच बेस वाजवला. जाड पिक घ्या, १ मिलीमीटर किंवा अधिक. पातळ पिक तारेवर लवते आणि ठोका उशिरा पडतो. वरखाली स्ट्रोक सारखे ठेवा. तळहाताची कड ब्रिजवर टेकवून तार किंचित दाबली की जुन्या हिंदी गाण्यांत येतो तसा आखूड, गोल आवाज मिळतो. तोच आवाज बोटांनी हवा असेल तर तळहात तसाच टेकवून अंगठ्याच्या मांसल भागाने छेडा. कायमचा हवा असेल तर ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवा. ढोलकी-हार्मोनियमच्या गाण्यात हा दबका आवाज फार शोभतो. घरी अहिराणी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांनी तो आधी करून बघावा, आणि मग इफेक्टच्या मागे लागावं.

स्लॅप कधी आणि कसं शिकावं?

म्यूटिंग, म्हणजे न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणं, जमल्यावर. ही शैली लॅरी ग्रॅहम यांनी रूढ केली. आईबरोबर वाजवताना ड्रमर नव्हता, तेव्हा बास ड्रमच्या जागी अंगठ्याचा ठोका आणि स्नेअरच्या जागी तार ओढून सोडणं, असा तोडगा त्यांनी काढला.

अंगठ्याच्या सांध्याची हाडाची बाजू शेवटच्या फ्रेटजवळ तारेवर मारायची आणि त्याच क्षणी उसळून परत आणायची. हालचाल कोपरातून नको. कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरलं पाहिजे. पॉपसाठी, म्हणजे तार ओढून सोडण्यासाठी, तर्जनीचं टोक पातळ तारेखाली जेमतेम अडकवा आणि सोडा. सरावाला सप्तकाची जोडी घ्या : ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटला अंगठा, डी तारेच्या पाचव्याला पॉप, लय ६०.

आवाज नुसता 'ठप्' आला तर अंगठा तारेवर रेंगाळतोय. पॉप कानात टोचत असेल तर बोट खोल अडकतंय. दोन तारा एकदम वाजत असतील तर अंगठा नेकला समांतर नाही. तार जुनी असेल तर काहीही करा, चकाकी येणार नाही.

आमचं मत सांगायचं तर लग्नाच्या अहिराणी गाण्यात स्लॅप जपून वापरा. ढोलकीच्या पातळ पुडीची थाप आणि स्लॅपची टकटक कानात एकाच जागी येतात, आणि दोघांची मजा जाते. इंटरल्यूडच्या चार ओळी त्याला पुरेत.

गायक म्हणतो 'काळी चार'. बेसवर ती कुठे शोधू?

आपल्याकडे पट्टी हार्मोनियमवर सांगतात, म्हणून ही यादी पाठच करा.

ई तार : मोकळी पांढरी ३, मग पहिल्या फ्रेटपासून क्रमाने पांढरी ४, काळी ३, पांढरी ५, काळी ४, पांढरी ६, काळी ५, पांढरी ७ आणि आठव्या फ्रेटवर पांढरी १.
ए तार : मोकळी पांढरी ६, मग काळी ५, पांढरी ७, पांढरी १, काळी १, पांढरी २, काळी २ आणि सातव्या फ्रेटवर पांढरी ३.

म्हणजे काळी चार ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर. तिथला षड्ज एकदा सापडला की बाकीचे स्वर आकारानेच मिळतात. पंचम शेजारच्या पातळ तारेवर दोन फ्रेट पुढे. मध्यम त्याच पातळ तारेवर त्याच फ्रेटला. वरचा षड्ज मधली एक तार सोडून पुढच्या पातळ तारेवर दोन फ्रेट पुढे. मंद्र पंचम शेजारच्या जाड तारेवर त्याच फ्रेटला. शुद्ध गंधार पातळ तारेवर एक फ्रेट मागे, कोमल गंधार षड्जाच्याच तारेवर तीन फ्रेट पुढे. काळी चारचा षड्ज ई तारेवर धरला तर खाली तार उरत नाही, मंद्र पंचम मिळत नाही. तो हवाच असेल तर षड्ज ए तारेच्या अकराव्या फ्रेटवर न्या.

कीबोर्डवाल्याची बोटं बघून पट्टी ओळखू नका. त्याने ट्रान्सपोज दाबलेलं असू शकतं. बोटं पांढरी एकवर आणि आवाज काळी एकचा. कानाने षड्ज लावा. जुनी हार्मोनियम असेल तर ट्यूनर बाजूला ठेवून तिच्याशीच तारा जुळवा.

कहरवा आणि दादऱ्यावर काय वाजवायचं?

कहरवा आठ मात्रांचा : धा गे ना ति, न क धि ना. पहिल्या दिवशी फक्त १ वर षड्ज आणि ५ वर पंचम. ५ ही खाली आहे, तिथे डग्ग्याचा आवाज नसतो, म्हणून पंचम तिथे मोकळा ऐकू येतो. हे डुलायला लागलं की १, ४ आणि ७ वर या, म्हणजे ३-३-२ अशी वाटणी. ७ चा धि डग्ग्यावरच पडतो, त्यामुळे तुमचा सूर आणि तबलजीचा हात एकत्र येतात आणि नाचणाऱ्यांचे पाय उचलले जातात. अहिराणीतली बरीच उडती गाणी एवढ्यावर निघतात.

दादरा सहा मात्रांचा : धा धी ना, धा तू ना. १ वर षड्ज, ४ वर पंचम. थोडी हालचाल हवी तर ३ वर मंद्र पंचमाचा आखूड ठोका देऊन ४ वर षड्जाला या.

आता सुराच्या लांबीचं. ढोलकीवाला डाव्या पुडीवर घुमक काढत असेल तेव्हा तुमचा सूर आखूड ठेवा. त्याची घुमक स्वतःच मींड घेते आणि तुमचा लांब सूर तिच्यावर बसतो. तो नुसती उजवी पुडी वाजवत असेल तेव्हा सूर पूर्ण धरा. नजर त्याच्या डाव्या हातावर असू द्या.

ओव्या आणि कानबाईची (खान्देशातल्या देवीची) गाणी चार-पाच स्वरांतच फिरतात. तिथे कॉर्ड बदलायचा मोह आवरा. षड्ज-पंचम धरून ठेवलेले जास्त खुलतात, आणि गाण्यात कोमल गंधार असताना बेसमध्ये चालता-चालता शुद्ध गंधार लागला तर ते सगळ्यांना टोचतं.

मींड हवी असेल तर फ्रेटलेस घ्यावा का?

फ्रेट असलेल्या बेसवर सूर सरकवला की पायऱ्या ऐकू येतात. फ्रेटलेसवर तो सलग जातो. जेको पास्टोरियस यांनी १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये फ्रेटलेसवर काय काय होऊ शकतं ते दाखवलं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोट फ्रेटच्या मागे नाही, जिथे पट्टी असती त्या रेषेवरच यायला हवं, नाहीतर सूर उतरलेला लागतो. आणि गुंडाळलेल्या खरखरीत तारा लाकूड घासतात, म्हणून फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत) तारा लावा. पहिलं वाद्य म्हणून मात्र नको. घ्यायचाच तर रेषा आखलेला घ्या.

एप्रिल-मेमध्ये अचानक तारा करकरू लागल्या. बेस बिघडला का?

बिघडला नाही, लाकूड सुकलं. पारा ४४-४५ वर जातो आणि हवा कोरडी पडते तेव्हा नेकमधली ओल जाते. बहुतेकदा नेक सरळ होतो किंवा मागे झुकतो आणि पहिल्या काही फ्रेटवर तारा घासतात. पावसाळ्यात उलट : नेक पुढे वाकतो, तारा उंच होतात, दाबायला जड जातं.

आधी मोजा. ई तार पहिल्या फ्रेटला आणि नेक संपतो तिथल्या फ्रेटला दाबा, मग सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि पट्टीमधली फट बघा. साधारण ०.३ मिलीमीटर हवी, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड अलगद जावं. फट नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची कांब) घड्याळाच्या उलट दिशेने सैल करा, जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने आवळा. एका वेळी पाव फेरा, पुन्हा ट्यून करा, पुन्हा मोजा. जोर लागत असेल तर थांबा आणि जाणकाराकडे द्या. तारेची उंची सतराव्या फ्रेटवर ई ला २.४ आणि जी ला २ मिलीमीटरच्या आसपास ठेवा. ती ब्रिजवरून ठरते, ट्रस रॉडने नाही.

उन्हात उभ्या गाडीत बेस ठेवू नका. घामाने तारा लवकर मरतात. प्रत्येक गाण्यानंतर नाही, तरी कार्यक्रमानंतर कोरड्या सुती फडक्याने वरून आणि खालून पुसाच.

जनरेटरवर 'हूं' असा आवाज येतो आणि माइकला ओठ लागला की झटका बसतो. काय करावं?

हा प्रश्न आवाजाचा नाही, जिवाचा आहे. बेसच्या तारा ब्रिजमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या लाइनवर असतील किंवा अर्थिंग नसेल, तर तुमच्या हातातून ओठांपर्यंत रस्ता तयार होतो. वाजवण्याआधी टेस्टर तारांना आणि माइकच्या जाळीला लावून बघा. दिवा लागला तर वाजवू नका. आवाज घालवण्यासाठी तिसरी, अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डवरून, अर्थिंग असलेल्या लाइनवर घ्या. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेलं एक्स्टेन्शन जवळ ठेवा. अर्थिंग ठीक असूनही गुणगुण राहिली तर डीआय बॉक्सवरची (बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरची) ग्राउंड लिफ्टची कळ दाबा; ती फक्त सिग्नलची जोडणी तोडते.

विजेची ही गुणगुण ५० हर्ट्झची असते आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा सूर ४९ चा. गुणगुण चालू असताना कानाने ट्यून करू नका, फसाल.

हॉलमध्ये छान वाजतं, मैदानात बेस गायब होतो. बेसचं बटण किती वाढवू?

वाढवू नका, थोडं कमीच करा. हॉलच्या भिंती खालचे सूर परत फेकतात, मैदानात ते निघून जातात. शिवाय भाड्याच्या साध्या टॉप स्पीकरमधून ४१ हर्ट्झ निघतच नाही. मोकळी ई ऐकू येते ती तिच्या ८२ आणि १२३ च्या उपस्वरांमुळे. तेच वाढवा. साऊंडवाल्याला सांगा : ४० च्या खालचं काप, १०० ते १५० थोडं उचल, आणि ७००-८०० जवळ किंचित दे, म्हणजे बोटाचा ठोका कळतो. बेस अँपच्या समोर माइक ठेवण्यापेक्षा डीआय बॉक्समधून सरळ मिक्सरला द्या. गिटारच्या छोट्या अँपवर बेस मोठ्याने वाजवला तर स्पीकरचा कोन फाटतो. घरी सरावाला हळू आवाजात चालतो.

रोज किती रियाज करावा?

अर्धा तास, पण रोज. पाच मिनिटं मोकळ्या तारांवर आळीपाळी, दहा मिनिटं म्यूटिंग आणि थांबण्याचा सराव, दहा मिनिटं एक गाणं ठेक्यासकट, उरलेली पाच कालच्या रेकॉर्डिंगची चूक दुरुस्त करायला. मेट्रोनोमऐवजी तबल्याचं अ‍ॅप लावलं तर अधिक चांगलं, कारण शेवटी वाजवायचं तबल्या-ढोलकीबरोबरच आहे. लय ६० वर सलग चार आवर्तनं बिनचूक गेली की ४ ने वाढवा. चुकली की परत ४ ने खाली या.